डाव्या दाराचं पॅड

चैत्र सरत आला की आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरात एक आवाज सुरू होतो. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला गल्ली चिडीचूप झाली की झोपायच्या खोलीतल्या कपाटामागून 'टक्' असं वाजतं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. पाहुण्यांना वाटतं पाल असेल, उंदीर असेल. मला आणि माझ्या नवऱ्याला, विलासला, ठाऊक आहे ते काय आहे. कपाट आणि भिंत यांच्या फटीत एका मोटारीच्या दाराचं आतलं पॅड उभं करून ठेवलेलं आहे. उन्हानं भिंत तापते, भिंतीनं पॅड तापतं आणि त्यातला हार्डबोर्ड आळस दिल्यासारखा अंग ताणतो. नऊ वर्षं झाली. दर आखाजीच्या आधी ते असं हाक मारतं आणि दर वर्षी मी उठून कूलर वाढवते.

यंदा त्या आवाजाच्या जोडीला आबांचा फोनही आला. आबा म्हणजे माझे वडील. तो फोन सांगायचा तर आधी नऊ वर्षांपूर्वीची आखाजी सांगायला हवी.

अक्षय्य तृतीयेला बाकी महाराष्ट्रात लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी घरी आणतात, असं म्हटलं तरी चालेल. आखाजीला लेक माहेरी येते, चार दिवस तिला कुणी काम सांगत नाही, निंबाच्या फांदीला दोर टाकून झोके बांधतात, पन्नाशीच्या बायाही पदर खोचून उभ्यानं झोका चढवतात आणि गाणी म्हणतात. खापरावरची पुरणपोळी, परातभर आमरस, सकाळी आठपर्यंत झोप. मला झोक्यावर भोवळ येते. लहानपणापासून येते. म्हणून सगळ्या पोरी निंबाखाली जमल्या की मी आबांच्या गॅरेजात जाऊन बसायची. तिथे कुणी ढकलत नसे.

आबा मूळचे दोंडाईचाकडचे. तरुणपणी जळगावला आले, ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्तीचं गॅरेज काढलं, मेहरूणला तलावाजवळ घर बांधलं. मला पाढ्यांच्या आधी पान्यांचे नंबर पाठ झाले. ते गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे आणि मी न विचारता बारा-तेराचा पाना ठेवायची. माझा धाकटा भाऊ दिपक गॅरेजच्या दारातूनच परत फिरायचा, त्याला ग्रीसचा वास सहन होत नसे. यात त्याचा काही दोष नाही. मला हळदीचा वास सहन होत नाही, पण त्याबद्दल मात्र मी आयुष्यभर बोलणी खाल्ली.

गॅरेज बंद केलं तेव्हा आबांनी एक वेडेपणा केला. सुरतच्या एका कापडवाल्याच्या मुलानं हौसेनं घेऊन टाकून दिलेली, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स गाडी त्यांनी घरी आणली. लाल, बुटकी, लांब नाकाची, दोनच दरवाजांची. मेहरूणातली निम्मी पोरं संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची. आईनं एकदाच बसून पाहिलं आणि जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं वाटतं म्हणून उतरली. आबांनी इंजिन जागं केलं, ब्रेक नवे टाकले. मी ती तलावाकाठच्या रस्त्यावर चालवायला शिकले, तेव्हा मला नोकरी लागून, लग्न होऊन, सात वर्षं झाली होती. पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये गेले तेव्हा मोठ्यानं हसले होते. आबा शेजारी बसून काचेबाहेर बघत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. हसू दाबायची त्यांची ती रीत.

तर अशी ती ऐटबाज गाडी, आणि तिची दारं आतून पुठ्ठ्याची. खरंच पुठ्ठ्याची. बुटाच्या खोक्याला असतो त्याहून थोडा जाड, वर बोटभर स्पंज आणि रेक्झिन. मला आधी पटेना. बाहेरचा पत्रा टिचकी मारली की ठणकन बोलायचा आणि आत हात टेकला की दार पापडासारखं दबायचं. काचेच्या फटीतून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलं होतं, पुठ्ठा फुगून खारीच्या बिस्किटासारखा सुटला होता, क्लिपांची भोकं फाटली होती. दार जोरात लावलं की अख्खं पॅड मांडीवर यायचं. त्या वर्षी मी कॉलेजचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊनच आखाजीच्या महिनाभर आधी माहेरी आले होते. पहिल्याच दिवशी उजवं पॅड माझ्या मांडीवर पडलं. आबांनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई दार आते आपण दोन्ही जन करी टाकू. पुढली आखाजीले तुले बसमा धक्का खावानी गरज नही."

हे वाक्य मी अनेकदा उलगडून पाहिलं आहे. त्यात 'गाडी तुझी' असे शब्द नाहीत, हे मला मान्य आहे. पण धुळ्याहून जळगावला बसनं यायचं नाही म्हणजे कशानं यायचं? आबांच्या घरात दोनच वाहनं होती, एक ही आणि दुसरी सायकल. मी त्याचा जो अर्थ घेतला तो घेऊ नये असं त्यांना वाटत असतं, तर पुढचा महिनाभर बोलायला त्यांना भरपूर वेळ होता.

त्या महिन्याचा वास अजून नाकात आहे. सोल्युशनचा, म्हणजे रेक्झिन चिकटवायच्या त्या पिवळ्या डिंकाचा वास, आणि त्यात मिसळलेला शिजत्या ज्वारीच्या कण्यांचा. कारण आई त्याच दिवसांत बिबडे, ज्वारीचे ते जाड पापड, करत होती. पहाटे चुलीवर घाटा रटरटायचा, ऊन चढायच्या आत तो ओल्या फडक्यावर थापायचा आणि गच्चीवर वाळायला टाकायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्ची कधी मोकळी नसते. मिरच्या, कुरडया, बिबडे, धुतलेले गहू, सगळं वरच. ऊन फुकट आहे आणि ते सगळं वाळवतं, यावर आमची जन्मजात श्रद्धा.

त्याच श्रद्धेनं आमचा घात केला. जुन्या पॅडवरून वर्तमानपत्राचा नमुना कापला, त्यावरून हार्डबोर्ड कापला, हे सगळं झकास झालं. पण दाराला खालच्या बाजूला बाक होता आणि हार्डबोर्ड सपाट. आबा म्हणाले ओला करून वाकवू. मागच्या बाजूनं पाणी मारलं, बोर्ड नरमला, विटांवर ठेवून हवा तेवढा बाक दिला. मग तो वाळवायचा कुठे, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. नेऊन ठेवला गच्चीवर, बिबड्यांच्या शेजारी, चारी कोपऱ्यांवर दगड. दुपारी वर गेलो तर दगड बाजूला पडलेले आणि बोर्ड चारी बाजूंनी वळून होडी झालेला. आई बिबडे उलटत होती. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाई ते बिबडंच व्हई गयं." आबा मिशीतल्या मिशीत हसले. मी तर खालीच बसले. चाळीस वर्षं लोखंड वाकवलेला माणूस आणि फिजिक्स शिकवणारी त्याची मुलगी, दोघांना मिळून एवढी साधी गोष्ट कळू नये.

मग कुशनवाल्या हुसेनचाचांकडे गेलो. त्यांनी ते बिबडं हातात घेऊन आम्हा दोघांकडे पाहिलं आणि चहा मागवला. त्यांच्याकडून कळलं की ओला बोर्ड सावलीत, अंधाऱ्या खोलीत, वजनाखाली सावकाश वाळवायचा असतो. आणि आमच्या हवेत सोल्युशन पहाटेच लावायचं, नाहीतर रेक्झिन टेकवायच्या आत ते सुकून जातं. मग आमचा दिवस साडेचारला सुरू होऊ लागला. वरच्या अंधाऱ्या खोलीत गव्हाच्या पोत्यांखाली बोर्ड वाळले. काचेचं हँडल काढायला त्याच्यामागे फडकं घालून इकडून तिकडे ओढलं की आतली स्प्रिंग टण्णकन उडते, ही युक्ती आबांनी मला शिकवली आणि ती स्प्रिंग तीनदा अंगणात हरवली. पत्र्याला आतून नवं प्लॅस्टिक चिकटवलं, पाणी पुन्हा येऊ नये म्हणून. उन्हं वर आली की मी आत जाऊन पेपर तपासायची, हाताला रेक्झिनचा काळा रंग आणि उत्तरपत्रिकांवर माझ्या अंगठ्यांचे ठसे. त्या वर्षीच्या मुलांना मी जरा सढळ हातानं गुण दिले असावेत.

मला रेक्झिन डाळिंबी हवं होतं. आबा काळं घेऊन आले. म्हणाले, डाळिंबी मळतं. काळं जास्त मळतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मग एके दिवशी म्हणाले, स्पीकरचं भोक जरा मोठं कर. आबांनी गाडीत कधी गाणं ऐकलेलं मला आठवत नाही, इंजिनाचा आवाज झाकला जातो म्हणून ते रेडिओ लावू देत नसत. तरीही मी विचारलं नाही. पातळ करवतीनं भोक गोल कापलं, काचपेपरनं कडा घासली. रोज सकाळी काम संपलं की आबा मोबाइलवर पॅडचा फोटो काढायचे आणि दिपकला पुण्याला पाठवायचे. मला वाटायचं कौतुकानं पाठवतात. लेकीचं काम दाखवतात. हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात. माणूस स्वतःच्या भोळेपणाला जितका लाजतो तितका दुसऱ्या कशालाच लाजत नसावा.

उजव्या पॅडला मी एक खिसा शिवला. मूळच्या पॅडला तो नव्हता. आईच्या जुन्या मशीनवर जाड सुई घालून, दोनदा सुया मोडून, दुहेरी शिलाईचा. मनात असं होतं की यात माझा चष्मा, पाण्याची बाटली, पारोळ्याला थांबले तर रुमालात बांधलेली भाकरी, असं काय काय राहील. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी उजवं पॅड बसवलं. क्लिपा एकेक करून आत गेल्या, टप, टप, टप. दार लावलं आणि ते पहिल्यांदाच भरीव वाजलं. आबांनी तीनदा उघडून लावून पाहिलं. मग आतून गाडीच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी आणून माझ्या हातात दिली आणि खिशात ठेवायला सांगून ते हात धुवायला गेले.

मला समोर आलेलं वाचायची सवय आहे. पेपर तपासणारीची सवय. पिशवीतल्या नव्या कोऱ्या आरसी कार्डावर दिपकचं पूर्ण नाव होतं. तारीख होळीच्या आठवड्यातली. विम्याच्या कागदावरही तेच नाव. म्हणजे मी बॅग घेऊन आले त्याच्या आधीच गाडी त्याची झालेली होती. त्याच्यासाठी काळं रेक्झिन, त्याच्यासाठी मोठा स्पीकर. रोजचा फोटो त्याच्या पसंतीला जात होता. आणि माझा खिसा त्याच्या कागदांसाठी होता.

मी ओरडले नाही. ओरडता येत असतं तर बरं झालं असतं. आबा टॉवेलला हात पुसत आले तेव्हा मी ते कार्ड पुढे धरलं आणि हे केव्हा केलं, मला का सांगितलं नाही, एवढंच विचारलं. आबांनी कार्डाकडे पाहिलं, मग दाराकडे. खोटं बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं, इतकी माझी तयारी होती. ते शांतपणे म्हणाले, "तुले पहिले सांगतू, ते तू हात लावती का?"

स्वयंपाकघरात आई रसासाठी आंबे दाबून दाबून माचत होती. तिचा हात थांबला नाही. तिलाही माहीत होतं.

पुढे आबा काही म्हणत होते. गाडी घरातच आहे, चालवायला तुला कोण नाही म्हणतं, दिपकचं लग्न ठरतंय, मुलाकडे काही दिसायला लागतं. हे सगळं मी उभ्यानं ऐकलं. खरं सांगते, गाडी दिपकला दिली याचं मला दुःख झालं. गाडीचं दुःख नव्हतं असं म्हणून मोठेपणा घेणार नाही, ती मला हवी होती, हाडामासातून हवी होती. पण त्यावर मी दोन दिवस फुगून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. खानदेशातल्या लेकींना त्याची सवय असते. जे आजवर पचलं नाही ते त्यांचं ते वाक्य. ज्या माणसाच्या हातात मी न मागता नेमका पाना ठेवत आले, त्यानं माझ्याबद्दल असा हिशेब मांडला होता की हिला लालूच दाखवल्याशिवाय ही काम करणार नाही. आखाजीला लेकीला कुणी काम सांगत नाही ना, म्हणून त्यांनी ते न सांगता करवून घेतलं.

त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. वर गेले. डावं पॅड तयार होऊन पोत्यांखाली पडलेलं होतं, नुसतं बसवायचं बाकी. पोती बाजूला केली, पॅड जुन्या चादरीत गुंडाळलं, बॅग भरली आणि आखाजीच्या सणाला माहेराहून निघाले. असं करणारी आमच्या भावकीत मी पहिलीच असेन. बसस्थानकावर सगळ्या लेकी उतरत होत्या, हातात पिशव्या, कडेवर पोरं. मी एकटी चढत होते, चादरीतलं ते धूड सांभाळत. कंडक्टरनं विचारलं काय आहे. मी म्हटलं दार. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ते उभं ठेवायला सीटमागची जागा करून दिली. एरंडोल, पारोळा, मुकटी. सगळ्या गावांत रस्त्याकडेच्या निंबांना झोके बांधलेले दिसत होते. घरी पोचले तेव्हा विलासनं दार उघडलं, चादर पाहिली आणि ते धूड कपाटामागे सरकवून दिलं.

गाडी पुण्याला गेली. डाव्या दाराला तिथल्या कुणीतरी प्लायवूडचा साधा तुकडा ठोकून दिला. दिपकला बरेच दिवस वाटत होतं की मला सगळं आधीपासून माहीत होतं, त्यानं तर फोन करून 'ताई, भारी केलंस' असं म्हटलं होतं. त्याच्यावर माझा राग नाही. पुढे त्याच्या सोसायटीत जागा नव्हती म्हणून गेल्या वर्षी गाडी पुन्हा मेहरूणला पत्र्याच्या शेडखाली आली. मी दर आखाजीला जाते. दोन दिवस राहते, पुरणपोळी खाते, आईचे गुडघे चोळून देते. शेडकडे जात नाही. आबांशी बोलते, पण आमच्या अहिराणीत नाही. रागावले की मी कॉलेजातल्या मराठीत बोलायला लागते, आणि गेली नऊ वर्षं आबांशी मी त्याच मराठीत बोलते आहे. त्यांच्या लक्षात आलं असेलच. 

परवा दुपारी कपाटामागे टक् झालं आणि पाठोपाठ फोन वाजला. आबा स्वतः. एरवी आई लावून देते. पंचाहत्तरीचा आवाज, मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबणारा. आईचं, उन्हाचं, तलाव पार आटल्याचं बोलून झालं. मग म्हणाले, "दिपक गाडी इकी राह्यना. घेणाराले दोन्ही दार सारखा पाहिजेत." थोडं थांबून म्हणाले, "यंदा तुले पहिलेच सांगी राह्यनू. डावं पॅड लई येशी का?"

दिपक गाडी विकतोय, डावं पॅड घेऊन ये, आणि हे पहिलेच सांगतोय. म्हणजे तो दिवस त्यांनाही लक्षात होता. शब्दासकट लक्षात होता. नऊ वर्षांत त्यांनी त्यातून एवढंच शिकून घेतलं होतं की आधी सांगायला हवं. कुणी म्हणेल, ही त्यांची माफी होती. असेलही.   पण त्या माफीतसुद्धा शेवटी एक काम होतं, पुन्हा माझ्या हाताचं आणि पुन्हा दुसऱ्या कुणासाठी.

नऊ वर्षं त्यांच्या 'हात लावती का' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तसंच पडून होतं, कपाटामागच्या त्या पॅडसारखं, तयार आणि न बसवलेलं. मी म्हटलं, "तेव्हा सांगितलं असतं, आबा, तर लावला असता."

 त्यांनी 'काय' असं विचारलं नाही, म्हणजे ऐकू गेलं होतं. पलीकडून आईचा आवाज आला, ती त्यांना पाणी हवं का विचारत होती. मग फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की हातून सुटला, मला सांगता येणार नाही.

परवा आखाजी आहे. मी जाणार आहे. सकाळची बस आहे, नेहमीसारखे धक्के खात जाईन. आईसाठी गुडघ्यांचं तेल घेतलंय, आबांसाठी केशर आंबे. पॅड इथेच राहील.